न काढलेलं पाणी

आधीच सांगून टाकते, मी बौद्ध घरातली. नवस, अंगारे-धुपारे, बाहेरचं-बिहेरचं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. त्यात मी लॅब टेक्निशियन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसेल तेच खरं! म्हणून तर हा प्रकार आठवला की डोकं उठतं.

धाराशिवच्या एका दवाखान्यात मी काम करते. तिथं ईट गावचे एक गवंडीमामा भरती होते. चालताना झोक जायचा, काहीबाही बडबडायचे, सख्ख्या बायकोला विचारायचे, "तू कोण गं?" रक्तात सिफिलिस निघाला... आपल्याकडं त्याला गरमी म्हणतात. तो मेंदूपर्यंत पोचलाय का, हे पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासूनच कळणार होतं. पोचला असेल तर ताबडतोब सलाइनमधून पेनिसिलिन, नाहीतर माणूस हातचा गेला. पण त्यांची बायको, आमच्या मावशी, हटून बसलेल्या. "पाठीतलं पानी काढलं की मानूस लुळा पडतुया. आमी घरी नेतो."

दुपारी जेवून आले, तर रॅकमध्ये नळी. मामांचं नाव, वॉर्ड, सगळं बरोबर. वाटलं, मावशींनी ऐकलं एकदाचं! स्लाइडवर थेंब घेतला, अँटिजेन टाकलं, हलवून पाहिलं — गुठळ्याच गुठळ्या. रिॲक्टिव्ह, म्हणजे गरमी मेंदूपर्यंत पोचलेली. रिपोर्ट वॉर्डात पाठवला.

डॉक्टर तणतणत लॅबमध्ये. "मॅडम, पाणी काढलंच नाही अजून, तुम्ही तपासलं काय?"

आता घ्या! त्या दिवशी अख्ख्या दवाखान्यात कुणाचंच पाणी काढलेलं नव्हतं. वॉर्डात जाऊन मी स्वतः मामांची पाठ पाहिली, सुईची खूणसुद्धा नाही. नळी कुणी आणली, कुणालाच ठाऊक नाही. रिपोर्ट रद्द, आणि बोलणी कुणाला? मला! चोर सोडून संन्याशाला फाशी.

आमची वादावादी मावशी ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "म्हंजी पानी काढलंय व्हय? अन् तरी ह्येंचे पाय हलतेत?"

"अहो मावशी, नाही काढलेलं!"

"मंग तपासलं काय?"

मी रद्द झालेला रिपोर्ट खिशात कोंबला.

"पाय शाबूत हायेत न्हवं? काढा मंग अजून येक डाव."

पाणी अजून काढलेलं नाही, हे डॉक्टरांनी पुन्हा बजावलं, सगळं नीट समजावलं. मावशींनी मान हलवून अंगठा दिला. या वेळी माझ्या डोळ्यांदेखत पाणी काढलं, नळी मीच हातात धरून आणली. पुन्हा त्याच गुठळ्या.

औषध सुरू झालं आणि मामा हळूहळू माणसात आले. एका सकाळी त्यांनी मावशींना नावानं हाक मारली. ती बाई ढसाढसा रडली... आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले.

घरी जायच्या दिवशी दोघं लॅबच्या दारात आले. मामा म्हणाले, "ताई, पयल्या डावाला सुई लई दुखली बगा. दुसऱ्या डावाला काय बी वाटलं न्हाय."

"मामा, एकदाच टोचली हो सुई!" मी जवळजवळ ओरडलेच.

मावशींनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "ह्येंचं डोकं आता जाग्यावर हाय, ताई. तुमीच जरा आठवून बगा."

आठवतेय. अजून आठवतेच आहे. काही हाती लागलेलं नाही.