तांब्याचं चिनी अक्षर

अमरावतीत माझं कूलरच्या सामानाचं दुकान आहे. हातगाडीपासून ते मी एकट्यानं उभं केलं, त्यामुळे कोणी काही शिकवायला लागलं की माझं डोकं तापतं. तरी पन्नाशीत मी एक चिनी अक्षर शिकलो. अकोल्याच्या एका ठोक व्यापाऱ्यावरच्या रागापायी.

त्याच्याकडून मी कूलरच्या चिनी मोटरा उचलल्या होत्या. आत तांब्याची तार आहे, असं तो म्हणाला. मीही गिऱ्हाइकांना तेच छातीठोकपणे सांगितलं. ऐन मे महिन्यात मोटरा जळू लागल्या. उघडून पाहिलं तर आत अ‍ॅल्युमिनियम. लोक जळकी मोटर काउंटरवर आदळून म्हणायचे, "भाऊ, तुमच्या शब्दावर नेली होती." मी सगळ्यांना बदलून दिल्या आणि अकोला गाठलं.

भरल्या दुकानात तो हसत म्हणाला, "खोक्यावर लिहेल असते ना राजा! तुले वाचता नाही येत, त्याले मी काय करू?"

सगळे हसले. मोटरा त्यानं परत घेतल्या. ते हसू मात्र मी घरी घेऊन आलो.

लेकीनं दुकानात उरलेल्या एका रिकाम्या खोक्यावर फोनचा भाषांतर करणारा कॅमेरा धरला. "हे पाहा बाबा, अ‍ॅल्युमिनियम. दरवेळी फोन धरत जा, झालं."

"फोन धरला तं फोन हुशार ठरते. मले माह्या हातानं लिहून दाखवाचं हाय त्याले."

"बाप रे! मंग बसा शाळेत."

तांब्याचं अक्षर 铜 आणि अ‍ॅल्युमिनियमचं 铝. डावीकडची धातूची खूण दोन्हींत सारखी. खरी गोम उजवीकडे. तांब्याला खालून उघडी चौकट, आत एक आडवी रेघ आणि रेघेखाली पेटी. अ‍ॅल्युमिनियमला नुसत्या दोन पेट्या, एकावर एक. लेकीच्या फोनवरच्या अक्षरं शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये बोटानं गिरवायचं होतं. मी पेटी एका दमात गोल फिरवून काढली की फोन चूक म्हणून लाल व्हायचा. त्याला आधी डावी उभी रेघ हवी, मग वरून वळून खाली, आणि तळ सगळ्यात शेवटी.

"दिसाले तं तशीच झाली ना? मंग याचं काय जाते?"

"बाबा, त्याच्याशी भाव नका करू. तो कमी नाही करत."

अखेर एकदाचं सगळं जमलं, तर हात सवयीनं वर गेला आणि वरून शिरोरेघ ओढून मोकळा झाला. लेक पोट धरून हसली. म्हणाली, "तांब्यावर पत्रे टाकले तुमी."

जमल्यावर मी दुकानातली प्रत्येक मोटर उघडून तपासली आणि तांब्याच्या खोक्यांवर मार्करनं ते अक्षर काढलं. तिवशाचा एक शेतकरी ते बघून म्हणाला, "भाऊ, हे कोणत्या देवाचं यंत्र हाय? माह्या मोटरवरही काढून द्या." दिलं काढून. तेवढ्यानं मोटर टिकत असेल तर टिको.

पुढच्या हंगामाआधी अकोल्याला गेलो. दुकान भरलेलंच होतं. 'तांबे' अशी चिठ्ठी लावलेल्या थप्पीतलं एक खोकं मी काउंटरवर ठेवलं. वर छापलेल्या दोन पेट्यांवर बोट ठेवलं आणि शेजारी पेनानं तांब्याचं अक्षर लिहिलं, रेघांच्या क्रमासकट.

"वाच."

"मले कुठं येते चिनी?"

"हे तांबं, मी लिहेल. अन् हे अ‍ॅल्युमिनियम, तुह्या खोक्यावर छापेल. वाचता येत नाही तं मले काहून हसला?"

त्यानं खोकं फोडलं, मोटर उघडली, तार खरवडली. पांढरी निघाली. आता हसणारे त्याच्याकडे पाहून हसत होते.

"बस ना राजा, कचोरी खा."

"कचोरी नको. 'माझं चुकलं' म्हण."

"भावात पाहून घेऊ ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी सूट नाकारली. तो 'होते कधी कधी'वर आला. मी हललो नाही. मग 'गडबड झाली असन'. मी पिशवी उचलून पायरीपर्यंत गेलो. तेव्हा त्यानं हाक मारली आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माह्याकडून चुकलं. पण मुद्दाम नाही."

ते शेपूट त्यानं वरून जोडलं होतं. मी ते काढायला लावणार होतो. पण त्याला वाचता येत नाही, हे मीच आत्ता सगळ्यांसमोर सिद्ध केलं होतं.