शेजारच्या मावशींचा हात

विमान अजून जमिनीवरच होतं, धावपट्टीकडे हळूहळू निघालं होतं. तेवढ्यात त्याचा पंख उभ्या असलेल्या दुसऱ्या विमानावर आदळला आणि जोराचा हिसका बसला. शेजारच्या अनोळखी मावशींनी चटकन माझ्या छातीवर हात आडवा धरला, रिक्षाने ब्रेक मारला की आई धरते तसा. मी तो हात बाजूला सारला आणि वरच्या कप्प्यातली बॅग ओढली. दोन मळके शर्ट होते त्यात.

“बॅगा राहू द्या, आधी बाहेर पडा!” हवाई सुंदरी ओरडत होती.

विचार करून तर कुणीही चांगलं वागतं. विचाराआधी हात कुठे जातो, तेवढंच आपलं खरं.

खाली उतरल्यावर मावशी गवतात अनवाणी उभ्या होत्या, चपला आतच राहिलेल्या. मला बघून म्हणाल्या, “लागलं नाही ना रे तुला?”

मी बॅग पाठीमागे लपवली.