कमरेतला आपलाच तुकडा

"फॉरेन बॉडी दिसतेय," अकोल्याच्या डॉक्टरीणबाई एक्स-रे उजेडाकडे धरून म्हणाल्या. फॉरेन बॉडी म्हणजे शरीरात शिरलेली परकी वस्तू. मला हसूच आलं. परकी कसली? आमच्याच विमानानं घातलेली होती ती!

लढाईच्या वेळी मी नौदलात खलाशी होतो. आमचं जहाज शत्रूचं समजून आमच्याच वैमानिकानं त्यावर बॉम्ब टाकला. एवढं मोठं निशाण त्या शहाण्याला दिसलं नाही. दोघे जागीच गेले, माझ्या कमरेत लोखंडाचा तुकडा राहिला. साहेबांनी पराक्रम एकच केला, "बाहेर बोलायचं नाही" म्हणून दम भरला. आणि मी नंदीबैल! आमच्या गावी, शेंदूरजनाघाटात, पन्नास वर्षं शत्रूचा गोळा सांगून हार घालून घेतले.

यंदा बागेत चालताना उजवी चप्पल मागेच राहू लागली. अमरावतीच्या एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणत मलम दिलं. तेही शहाणेच. याला फूट ड्रॉप म्हणतात, म्हणजे पाऊल वर उचलत नाही. तुमचं असं होत असेल तर चपलेला दोष देत बसू नका.

आत लोखंड, म्हणून एमआरआय नाही. सीटी स्कॅन झाला. तुकडा सरकून पायाच्या नसेवर बसला होता. "काढला नाही तर पाऊल जाईल. काढतानाही जाऊ शकतं," बाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर माझी बायको सुशीला दिसेल त्याला सांगत होती, "याईले दुश्मनाचा गोळा लागला व्हता." लोक माझ्या पाया पडत. मला स्वतःची किळस आली. ऑपरेशनच्या सकाळी तिला खरं सांगून टाकलं.

"मले इतकी वर्सं काहून नाही सांगितलं?"

"लाज वाटे."

"लाज त्याईले वाटाले पाह्यजे व्हती. तुमी काहून पांघरून बसले?"

ती तडक नर्सकडे गेली आणि केसपेपरवरच्या 'शत्रूचा गोळा'मधलं 'शत्रूचा' खोडायला लावलं.

पाऊल आता बऱ्यापैकी उचलतं. डॉक्टरीणबाईंचे उपकार आहेतच. घरी आल्यावर गावातले पुढारी शाल-नारळ घेऊन, फोटोवाल्यासकट हजर झाले. सुशीलानं त्यांना दारातच थांबवलं.

"शाल ठेवा बाजूले. पयले आयका, गोळा कोनाचा व्हता ते."