नदीकाकू आणि स्पेनमधली कोरडी नदी

मी आज जो काही आहे, तो नदीकाकूंमुळे. अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवे गावात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. पूल आला की त्या गाडी हळू करून खाली पाहायच्या. मागचे हॉर्न वाजवत. “वाजवू दे. पाणी कुठवर आलंय ते बघू दे,” म्हणायच्या.

काकू मूळच्या नागपूरच्या. इथल्या युनिव्हर्सिटीत नद्यांचा अभ्यास करून निवृत्त झालेल्या. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नवा आलो तेव्हा माझा ‘जय भीम’ ऐकताच त्यांनी मला जेवायला बसवलं आणि ताट वाढायच्या आत गावच्या नदीची चौकशी केली. मी संकोचून म्हणालो, “दिवाळीनंतर वाळूच असते.”

“लाजतोस काय? जगातल्या कितीतरी नद्या अशाच आहेत.”

पीएच.डी.साठी पूर्व स्पेनमधली एक छोटी नदी त्यांनीच सुचवली. ती चुनखडीच्या डोंगरातल्या झऱ्यांतून निघते आणि संत्र्यांच्या बागांजवळून समुद्राला मिळते. मला तिच्यातले जलकीटक अभ्यासायचे होते. जुलैत पोचलो, तर मधल्या पट्ट्यात नुसते गोटे. नमुने मिळाले नाहीत तर स्कॉलरशिप बंद होऊन मला गावी परतावं लागणार होतं. मी फोन लावला.

“काकू, नदीच नाहीये. प्रोजेक्ट कॅन्सल करतो.”

“हिरवं काही दिसतंय?”

“कण्हेर. पात्रातच फुललीये.”

“मग ती काय हवा पिऊन फुलली? तुमच्या वस्तीत उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचे?”

“नदीच्या वाळूत झिरा खणून.”

“मग खण की. अमेरिकेत येऊन हात मऊ झाले का?”

खणलं. हातभर खाली ओल लागली, मग गार पाणी झिरपलं, आणि त्या पाण्यात पांढुरके, इवलेसे जीव वळवळत होते. पाऊस येईपर्यंत नदी तिथे खाली राहत होती. मी गोट्यांवरच बसलो. जिवात जीव आला होता.

पुढे काकू मुलीकडे अर्विंगला गेल्या. “व्हॉट्सॲपवर नदी मावत नाही, पत्र लिही,” असं जाताना बजावून गेल्या. प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी मी लिहिलं:

‘आदरणीय काकू, सप्रेम जय भीम.

पास झालो. एका परीक्षकांनी विचारलं, कोरड्या पात्रात खणायचं कसं सुचलं? मी सांगितलं, आमच्या वस्तीला विहीर नव्हती, बायका असंच पाणी भरायच्या. कुणी हसलं नाही. आईला फोन केला. तिला वाटलं, मी स्पेनमध्ये विहीर खणली. मी काही दुरुस्त केलं नाही.

तिकडे स्पेनमध्ये पाऊस झाल्याचं कळलं. वरच्या डोहांत अडकलेले मासे खाली उतरलेत. तुमच्या नदीचं ठीक चाललंय. माझंही.’