पंचाला शिव्या घालणारी बाई

रविवारी संध्याकाळी नेरूळमध्ये आमच्या कॉलेजच्या मुलींनी बास्केटबॉलचा सामना एका गुणाने जिंकला. अगदी शेवटी पंचाने समोरच्यांचा फाउल दिला आणि फ्री थ्रोवर तो गुण मिळाला.

मैदानाबाहेर चहाच्या टपरीवर वाद पेटला. उंच मुलीला बास्केटखाली उभं करायचं सोडून चेंडू घेऊन का पळवलं, यावर आमच्यातच दोन तट पडले. हरलेल्या कॉलेजची पोरं मात्र पंचावर घसरली.

"सेटिंग होती यार. पंच विकला गेलाय. उद्या तक्रार टाकू."

तेव्हा ती बाई बोलली. प्रत्येक सामन्याला ती पुढच्या पायरीवर चपला काढून, मांडी घालून बसते आणि पंचाला मनसोक्त शिव्या घालते. तिचं नाव कुणी विचारलेलं नाही.

"आंधला हाय तो, मी सोता वरडते. पन इकलेला नाय."

"मावशी, तुमाला काय माहीत?"

इतक्यात पंच गळ्यातली शिट्टी काढत टपरीपाशी आला. "आये, चल ना घरी."

पोरं चहाच्या ग्लासात बघू लागली.

"पयलं सांग, तो फाउल तुला कुटं दिसला?"

त्याने स्कूटर सुरू केली. ती मागे बसली. सीवूड्सच्या दिशेने वळेपर्यंत तिने तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला.