दिवस मावळल्यावर वाचायचं पुस्तक

उमाजी शेंडेच्या पायाला भिंगरी होती. एसटीचा ड्रायव्हर, त्यामुळे स्टिअरिंगमागे तेवढा शांत. खाली उतरला की चार पावलं इकडे, चार तिकडे. गडचिरोलीहून जंगलातल्या कोसमटोल्याला जाणारी मुक्कामाची गाडी वाट्याला आली, तेव्हा तो चांगलाच वैतागला. संध्याकाळी गाडी पोचणार, सकाळी सुटणार. मधे करायचं काय? कंडक्टर मुखरूचं बरं होतं. जेवला की सतरंजी पसरून घोरायला मोकळा. उमाजी मात्र गावभर फिरे, आणि असाच फिरत एका दिवेलागणीला बुधरीबाईच्या अंगणात टेकला.

बुधरीबाई गोंडांची म्हातारी. चुलीपाशी बसून नातवंडांना कहाण्या सांगत होती. उमाजी ऐकत राहिला, आणि त्याचे पाय पहिल्यांदाच जागेवर राहिले. ऐकलेलं घरी जाऊन लिहून काढायचं, हा नाद तिथून लागला. बायको गोकुळा म्हणाली, "दारूचा लागन्यापरीस हा बरा." काही वर्षांत एवढ्या कहाण्या जमल्या की चंद्रपूरच्या एका छापखानेवाल्यानं त्या वाचल्या आणि पुस्तक काढायचं ठरवलं. शेवटची एक तेवढी अर्धी होती. ती दसऱ्याच्या आत पूर्ण करून द्यायची, की दिवाळीला पुस्तक हातात. आपल्या नावाचं पुस्तक! उमाजीची झोप उडाली ती तेव्हापासून.

ती अर्धी कहाणी वाघाला भाऊ मानणाऱ्या मुलीची. वाघ तिला सासरी पोचवायला निघतो. नदीच्या पलीकडे सासरची माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी, अलीकडे वाघ, आणि पोरगी मधल्या धारेत. इथं बुधरीबाई म्हणाली होती, "बाकीची उद्या." आणि नेमकी दुसऱ्या दिवसापासून, पावसानं रस्ता उखडल्याचं कारण देऊन, मुक्कामाची गाडी बंद झाली.

आता उमाजीकडे दिवसाच्या फेऱ्या आल्या. सकाळी कोसमटोल्याची पोरं शाळेत न्यायची, दुपारी आणून सोडायची, थोडं थांबून उन्हाउन्हातच परत. म्हणजे रोज दुपारी बुधरीबाई समोर, कहाणीचा शेवट तिच्या तोंडात, आणि सूर्य डोक्यावर!

"दिवसा कहानी सांगतली का मामा रस्ता चुकते," ती म्हणे. हे त्या भागात लहान पोरालाही ठाऊक होतं. उमाजीलाही होतं, पण छापखान्याची तारीख डोक्यावर असलेल्या माणसाला कुठलं काय पटतं? सुट्टीच्या दिवशी जाऊन रात्र काढावी, तर दुसऱ्या सकाळची फेरी कोण नेणार? निम्मे ड्रायव्हर हिवतापानं आडवे, रजेचं नाव काढायची सोय नव्हती. छापखानेवाला वर म्हणाला, "तुमीच जोडून टाका ना शेवट. कोन पाहाले येते?"

त्यानं जोडूनही पाहिला. एकदा मुलीला माघारी वळवलं, एकदा वाघाला पोहायला लावलं, एकदा सगळ्यांनाच बुडवलं. पोरगी काही त्याचं ऐकेना. ताटावर बसला की मधेच उठे, अंगणात येरझारा घाली. गाडी चालवतानाही ती पोरगी डोळ्यांपुढे, कमरेएवढ्या पाण्यात. एकदा तर थांब्यावरच्या माणसाला हात करत उभं ठेवून तो पुढे निघून गेला. मुखरूनं कपाळाला हात लावला. "भाऊ, तुमी गाडी चालवून राह्यले का पुस्तक?"

शेवटी एका दुपारी त्याचा तोल गेला. पोरं उतरत होती, बुधरीबाई नेहमीसारखी पाण्याचा लोटा घेऊन आली. तो लोटा त्यानं घेतलाच नाही.

"बाई, माहे मामा कवाचे मेले. तुमचेबी मेले असतीन. मंग कोनाचा मामा रस्ता चुकते, सांगा तरी!"

बुधरीबाई रागावली नाही. तिनं उतरणाऱ्या पोरांकडे हात केला. शेवटची उतरली तिची नात स्वाती, आणि उतरता उतरता रोजच्यासारखी ओरडली, "मामा, उद्या थांबजा बरं, सोडून नोका जाऊ!"

"हे लेकरं कोनाले मामा म्हनतात?" बुधरीबाई म्हणाली. "नाला तुलेच पार करा लागते ना, एवढे सारे घेऊन? तू चुकला त या लेकरायले घरी कोन आनन?"

गेले दोन महिने ही म्हातारी आपल्यावर हट्टानं अडून बसली आहे असं उमाजी समजत होता. ती आपल्यालाच जपत होती. त्यानं लोटा घेतला, पाणी प्यायला आणि गाडी वळवली.

कहाणी त्यानं अर्धीच दिली. छापखानेवाला चिडला, पण उमाजी हटला नाही. खाली एवढंच छापायला सांगितलं: पुढची कहाणी कोसमटोल्याची बुधरीबाई सांगते, दिवस मावळल्यावर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक आलं. पहिली प्रत बुधरीबाईला द्यायची म्हणून त्यानं सोबत घेतली. दुपारी शाळेजवळ पोरं चढली, तेव्हा न राहवून ती स्वातीच्या हातात दिली. "आजीले दे. माहं हाय," म्हणताना त्याचे कान तापले. वर्षानुवर्षं ज्यासाठी जीव खालीवर झाला ते आता कोणीतरी हातात धरलं होतं.

गाडी नाल्याकडे उतरायला लागली, आणि मागून स्वातीचा आवाज आला. ती मोठ्यानं वाचत होती. त्याचंच वाक्य, त्यानं दहादा खोडून लिहिलेलं. पोरं गप्प होऊन ऐकत होती, मुखरूसुद्धा तिकिटाची पेटी मांडीवर घेऊन ऐकत होता. उमाजीला वाटलं, हा रस्ता संपूच नये.

मग त्याला समोर नाला दिसला. पुलाला कठडे नव्हते, अवकाळी पावसानं काठोकाठ पाणी होतं. त्यानं करकचून ब्रेक लावला आणि मागे वळून म्हणाला,

"स्वाती, बंद कर ते. दिवस मावळू दे."

पोरीनं पुस्तक मिटलं. उमाजीनं पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूहळू पुलावर घेतली.