डावा पॅड

पूल निम्मा ओलांडून झाला तरी वहिनी एक शब्द बोलली नव्हती. एरवी दुरुस्तीवाल्याकडून परतताना तिच्या तोंडाला विसावा नसे. तिथे कोणता जुना हेडफोन टांगलेला होता, कुठल्या अडाण्याने त्याची वायर ओढून तोडली होती, आतला पडदा कसा फुलपाखराच्या पंखाएवढा पातळ असतो, हे सगळं नणंदेला घर येईपर्यंत ऐकावं लागे. सव्वा तासाची वाट, दर महिन्याची. आज मात्र वहिनी कापडी पिशवी छातीशी धरून चालली होती. पिशवीत तिचा लाडका हेडफोन होता. तिसऱ्यांदा नेला होता आणि तिसऱ्यांदा जसाच्या तसा परत आला होता.

"या बाजूला ये गं," ती मध्येच म्हणाली आणि नणंदेला दंडाला धरून स्वतःच्या उजव्या हाताला घेतलं. "तिकडून वारा लागतो."

वारा समोरून येत होता. नणंद गुमान उजवीकडे झाली. इतकी वर्षं ती वहिनीच्या डावीकडून चालत आली होती, कारण वहिनीची पर्स उजव्या खांद्याला असायची. गेल्या दोन महिन्यांत हे असं बाजू बदलणं सुरू झालं होतं. कधी वारा, कधी ऊन, कधी म्हणे तिकडे चिखल आहे.

दुकानात काय झालं ते नणंदेच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुरुस्तीवाला म्हातारा, चष्मा कायम कपाळावर. वहिनीला फार मानायचा. "माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांना किंमत कळते, तुम्हाला आवाज कळतो," असं एकदा म्हणाला होता, आणि ते वाक्य वहिनीने महिनाभर मिरवलं होतं. आज त्याने हेडफोनच्या दोन्ही वाट्यांत आळीपाळीने बारीक माइक ठेवला, यंत्रावरची रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. मग चष्मा डोळ्यांवर ओढून तो सावकाश बोलला, की डावी बाजू कमजोर नाही. उलट डावी उजवीपेक्षा जरा जास्तच वाजते. मग त्याने डाव्या वाटीचा कानावर बसणारा मऊ पॅड बोटांनी चाचपला आणि विचारलं, "हा पातळ कुणी केला?"

नणंदेने मान खाली घातली. तिनेच केला होता.

वहिनी मोटार दुरुस्तीच्या कारखान्यात होती. लिफ्टच्या, पंपांच्या, मोठ्या पंख्यांच्या जुन्या मोटारी तिथे यायच्या. त्यांना नवी तार, नवी बेअरिंगं बसायची, आणि शेवटच्या टेबलावर प्रत्येक मोटार पाव तास फिरवली जायची. त्या टेबलाशी एकोणीस वर्षं वहिनी होती. हातात लोखंडी सळई, तिच्या एका टोकाला लाकडी मूठ. सळईचं टोक मोटारीच्या अंगावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंगमध्ये केसाएवढा चरा असला तरी तिला कळायचं. मोटार पसंत पडली की उजव्या हाताने खडूचा छोटा गोल काढायचा. उजव्या हातात खडू, म्हणून सळई डाव्या हातात, म्हणून मूठ डाव्या कानाशी. पहिल्या दिवशी तशी सवय लागली, ती लागली. कारखान्यात यंत्रंही होती, पण फोरमन म्हणायचा, यंत्र राहू दे, कानवालीला विचार. तेच तिचं नाव पडलं.

दिवसभर खरखर ऐकून ती घरी यायची आणि हात धुऊन देवापुढे दिवा लावायची, मग हेडफोन लावून बसायची. दादा लांबच्या गाड्या चालवायचा, तीन-तीन आठवडे बाहेर. तो म्हणायचा, "आमच्या घरात सवत आहे, आणि तिला दोन कान आहेत." पहिला हेडफोन घ्यायला वहिनी नणंदेलाच बरोबर घेऊन गेली होती. विक्रेत्याने विचारलं, साहेबांना कोणत्या प्रकारची गाणी आवडतात? वहिनी म्हणाली, साहेबांना हॉर्न आवडतो, मला दाखवा. मग त्याने एक गुलाबी, नाजूक काहीतरी पुढे केलं. तिने ते बाजूला सारलं आणि मागच्या फळीवरचा काळा, जाड, वाट्यांना मागून नुसती जाळी असलेला, उघड्या पाठीचा मागितला. तासभर ऐकला. विक्रेता दोनदा चहा पिऊन आला.

पुढे शनिवारची बैठक जमली. दवाखान्यातली एक नर्स, वाचनालयातल्या एक बाई, वहिनी, आणि कपडे दुरुस्त करणारी नणंद. चौघींत तीन हेडफोन आणि आवाज वाढवणारा एक छोटा अॅम्प. त्यांच्या नवऱ्यांना वाटायचं, बायका गप्पा मारायला जमतात. प्रत्यक्षात त्या दोन-दोन तास एकमेकींशी बोलत नसत. एकीने ऐकायचं, बाकीच्यांनी तिचं तोंड पाहायचं. नर्स म्हणायची, दिवसभर सगळे माझ्याकडे काहीतरी मागतात, हे एक आहे जे फक्त देतं.

नवीन हेडफोन आला की वहिनी आधी एकच गोष्ट लावायची. आईंचं भजन. आई म्हणजे नणंदेची आई, वहिनीची सासू. सहा-सात वर्षांपूर्वी आई कणीक मळता मळता गुणगुणत होत्या आणि वहिनीने दोन माइक ठेवून ते टिपलं होतं. उजवीकडे नळाचं थेंब थेंब पाणी, मध्ये आईंचा आवाज, आणि डावीकडे त्यांच्या काचेच्या बांगड्या. हेडफोन किती चांगला ते वहिनी बांगड्यांवरून ठरवायची. साध्यात नुसती किणकिण येते, चांगल्यात किती बांगड्या ते मोजता येतं, असं तिचं म्हणणं. सहा होत्या. एक तडकलेली.

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी तिने कानांवरून हेडफोन काढला आणि म्हणाली, बांगड्या मागे गेल्यात. नर्सने ऐकलं, तिला तर आहेत तिथेच वाटल्या. वाचनालयाच्या बाईंनाही. वहिनी म्हणाली, तुम्हाला कळत नाही. तिथून ते सुरू झालं. तिने वायर बदलली. अॅम्प बदलून पाहिला. दुरुस्तीवाल्याकडे खेप घातली. दुसरीचा हेडफोन लावला, तर त्याचीही डावी बाजू दबलेली निघाली. आजकाल सगळा मालच असा येतो म्हणाली. शेवटी नणंदेकडे पॅड घेऊन आली. "डाव्यातला कापूस काढ थोडा. पडदा कानाजवळ येईल." नणंदेने टाके उसवले, अर्धा कापूस काढला, परत शिवला. दोन आठवड्यांनी वहिनी पुन्हा आली, अजून काढ म्हणून. तेव्हाही नणंदेने काढला. विचारलं काहीच नाही.

एक गोष्ट वहिनीने केली नव्हती. हेडफोन उलटा घालून पाहिला नव्हता, डावी वाटी उजव्या कानावर. नवशिकाही सगळ्यात आधी ते करतो. नणंदेला हे तिनेच शिकवलं होतं: दोष बाजू बदलून गेला तर हेडफोनचा, तिथेच राहिला तर... पुढचं वाक्य तिने त्या वेळी हसून सोडून दिलं होतं. नणंदेला ते आता पुलावर आठवलं आणि तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"म्हाताऱ्याचं यंत्र बिघडलंय," वहिनी म्हणाली. पूल संपला होता.

"असेल," नणंद म्हणाली.

पुढे बाजाराचा लांब रस्ता होता. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला, डावीकडून, अगदी जवळून. वहिनी सरकली नाही. नणंदेने तिला ओढलं तेव्हा सायकल पदराला घासून गेली. सायकलवाला वळून म्हणाला, बहिऱ्या आहात का बाई? एरवी वहिनीने त्याला तिथेच खाली उतरवला असता; आज ती पदर आणि पिशवी सावरून पुढे चालू लागली.

नणंदेला आणखी एक गोष्ट बोलायची होती. आठ दिवस ती जिभेवर होती. ती राहायची त्या सात मजली इमारतीच्या लिफ्टची मोटार पंधरवड्यापूर्वी वहिनीच्याच कारखान्यातून दुरुस्त होऊन आली होती. "माझ्या हातची आहे, आईंना सांग निर्धास्त बसा," असं वहिनीने कौतुकाने कळवलं होतं. आई सातव्या मजल्यावर नणंदेकडे राहायच्या, गुडघ्यांनी रजा घेतलेली, लिफ्टशिवाय खाली उतरणं नाही. रोज चारला खाली येऊन अंगणातल्या बाकावर बसायच्या. आणि आठ दिवस ती लिफ्ट बारीक आवाज करत होती. आधी शिट्टीसारखा, मग शिट्टीत वाळू मिसळल्यासारखा. आई म्हणायच्या, वर पाखरू अडकलंय. नणंदेने मनाची समजूत घातली होती, की वहिनीने पसंत केलेली मोटार आहे, वहिनीपेक्षा मला जास्त कळतं का? कानवालीला जाऊन तुझी मोटार ओरडते म्हणून कोण सांगणार?

ती ते आजही बोलली नाही. दोघी इमारतीत शिरल्या तेव्हा चार वाजत आले होते.

पहारेकरी स्टुलावर बसला होता. लिफ्टच्या दारावर सातचा आकडा पेटलेला होता, मग सहाचा पेटला. लिफ्ट खाली यायला लागली आणि वरून, सगळ्या मजल्यांच्या पोकळीतून, तो आवाज उतरत आला. आज त्याच्यात मध्येच एक खरड होती, भांड्याच्या बुडाशी चमचा लागावा तशी.

वहिनी दाराकडे उजवा खांदा करून उभी होती. तिने मान वर केली. नणंदेने तो चेहरा शनिवारी शंभर वेळा पाहिला होता, ऐकणारा चेहरा. पण असा रंग उडालेला कधी नाही.

वहिनीने उजव्या कानात बोट घातलं. पाच, चार. बोट काढलं. तीन. पुन्हा घातलं, घट्ट दाबलं आणि डावा कान दाराच्या पत्र्याला नेऊन टेकवला. तशीच उभी राहिली, डोळे मिटून, टेबलाशी उभी राहते तशी. मग तिने बोट काढलं आणि स्वतःशीच म्हणाली, "ही मोटार मी पास केलीय."

दार उघडलं. आई काठी टेकत बाहेर आल्या. "काय गं, दोघी अशा भूत पाहिल्यासारख्या? ऐकलंत ना माझं पाखरू?" वहिनीने पुढे होऊन त्यांचा हात धरला, आणि धरला तो इतका घट्ट की आई म्हणाल्या, अगं हात तुटेल. त्यांच्या मनगटावर बांगड्या वाजल्या. वहिनीने त्यांना बाकावर नेऊन बसवलं.

लिफ्टचं दार मिटायला लागलं होतं. वहिनी परत आली आणि तिने हातातली पिशवी, हेडफोनसकट, दोन दारांच्या मध्ये ठेवली. दार पिशवीला आपटलं, उघडलं, पुन्हा आपटलं. त्या पिशवीला ती कुणाला हातही लावू देत नसे. तिने पहारेकऱ्याला मेन स्विच बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, सात मजल्यांची माणसं मला फाडून खातील. ती म्हणाली, त्यांना माझ्याकडे पाठवा, कारखान्यातल्या कानवालीने बंद करायला लावली म्हणून सांगा. बेअरिंग संपलंय. मध्येच जाम झालं तर लिफ्ट अडकून बसेल, आणि तेही नशीब चांगलं असलं तर.

दिवा विझला. आवाज थांबल्यावर जिना फार मोठा वाटायला लागला. वहिनी दारातली पिशवी उचलून खालच्या पायरीवर बसली. नणंद तिच्या शेजारी बसली, आपसूकच उजवीकडे.

"दोन महिन्यांत किती मोटारी गेल्या?" नणंदेने विचारलं.

"सदतीस." तिने आठवायला वेळ घेतला नाही. म्हणजे आधी कधीतरी मोजून ठेवल्या होत्या. "एक दवाखान्याची आहे. नर्सच्याच."

अंगणातून आईंचं गुणगुणणं येत होतं. वहिनी उजवा कान तिकडे करून थोडा वेळ ऐकत राहिली. उद्या सकाळी फोरमनला सांगणार, म्हणाली. तो ऐकणार नाही. तो भला माणूस आहे, माझं नाव राखायला बघेल. म्हणेल, बाई, थकलात, आठ दिवस सुट्टी घ्या. आणि सदतीस मोटारी परत मागवायच्या तर कारखान्याचं नाक कापलं जाईल, म्हणून त्याला माझा थकवाच बरा वाटेल. मीसुद्धा दोन महिने तेच केलं ना गं, जे बरं वाटलं ते. म्हणून उद्या त्याच्यापुढे हेडफोन ठेवणार. आधी त्याने ऐकायचं, आईंच्या बांगड्या मोजायच्या. मग मी, सुलटा आणि उलटा.

तिने पिशवीतून हेडफोन काढला. वाटीवर दाराच्या दणक्याने पांढरट रेघ उमटली होती. तिने ती अंगठ्याने पुसली, पुसली गेली नाही. मग तो नणंदेच्या मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं.

"वन्सं, सुईदोरा घे. डाव्या पॅडमध्ये होता तेवढा कापूस परत भर. आजच. आणि माझ्यावर दया येऊन एक चिमूटसुद्धा कमी घालू नकोस."